डाळिंबी फ्रॉकचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी बालदी आहे. जस्ताची. माझ्या बुडाला आता भोक पडलं आहे, पोटात माती भरली आहे आणि त्या मातीत अबोलीचं रोप लावलं आहे. मला बघून कुणी मान वळवत नाही. पण धुतलेल्या कपड्यांचा रंग जातो तरी कुठे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर तो मलाच विचारा. तो माझ्यातून जातो. सदरे, परकर, चड्ड्या, शाळेचे गणवेश, सगळ्यांचा थोडा थोडा रंग मी पोटात घेतला आणि मोरीत ओतू दिला. बाकीचे सगळे रंग मी विसरले. एक तेवढा राहिला, तो डाळिंबी होता.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. ठोकून ठोकून मला गोल केलं, वर कडी बसवली आणि घाटकोपरच्या बाजारात टांगून ठेवलं. जयवंत परब आणि त्यांची नवी नवरी सुगंधाबाई यांनी मला घरी नेलं. टेकडीवरची चाळ, दुसरा मजला, समोर सगळ्यांची मिळून एकच गॅलरी. नळावर बालद्यांची अदलाबदल फार व्हायची, म्हणून माझ्या पोटावर तेलरंगाने 'ज. प.' अशी अक्षरं काढली. मला त्या अक्षरांचा मोठा तोरा होता. शेजारणींकडे तेव्हा प्लास्टिकच्या बालद्या यायला लागल्या होत्या. दिसायला नखरेल, पण उन्हात ठेवल्या की तडकायच्या. मी त्यांच्याशी कधी बोलले नाही.

जयवंतराव गिरणीत रंगखात्यात होते. त्यांची नखं कधी कोरी दिसलीच नाहीत. कधी निळी, कधी पिवळी. गिरणीत त्या आठवड्यात कसला रंग चालू आहे, हे मला त्यांच्या हातावरून कळायचं. ऐंशी सालच्या दिवाळीच्या आधी त्यांची नखं डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली, आणि एका संध्याकाळी ते त्याच रंगाचा फेंट घेऊन आले. ठाणातून उरलेल्या तुकड्याला गिरणीत फेंट म्हणत. त्या तुकड्याचा शकूसाठी फ्रॉक शिवला. शकू म्हणजे त्यांची मुलगी, चार वर्षांची. फ्रॉक वाढत्या अंगाचा होता, म्हणून खाली चांगली चार बोटं दुमड घातली होती. पोर वाढली की उसवायची.

पहिल्या धुण्याला सुगंधाबाईंनी फ्रॉक माझ्यात बुडवला मात्र, पाणी लालेलाल झालं.

"अहो, वाट लागली! सगळा रंग सुटला!" त्या ओरडल्या.

जयवंतराव हसत बाहेर आले. "अगं, पहिल्या पाण्याला सुटणारच. मूठभर मीठ टाक बघू. पाणी गार पाहिजे. फ्रॉक उलटा कर, आतली बाजू बाहेर. अर्धा तास भिजू दे. पिळायचा नाही, नुसता निथळू द्यायचा. आणि वाळवायचा सावलीत."

"एवढे लाड?"

"लाल रंग हट्टी असतो. लाड केले तरच राहतो."

शकू शेजारीच उकिडवी बसली होती. तिने माझ्यातल्या लाल पाण्यात हात घातला, तळवा गालाला लावला आणि खदखदून हसली. मित्रांनो, ते हसू पाण्यावर पडलं तेव्हा माझा सगळा पत्रा थरथरला. तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस होता.

पुढच्या आषाढात शकूला ताप आला. तीन दिवस घरात गार पाणी आणि कपाळावरच्या घड्या, एवढंच चाललं होतं. चौथ्या दिवशी तेही थांबलं.

गेलेल्या लेकराचे कपडे घरात ठेवायचे नाहीत, अशी रीत. चाळीतल्या बायकांनी शकूचं सगळं गाठोड्यात बांधलं आणि जयवंतराव ते खाडीवर सोडून आले. घरात तिचा धागा राहिला नाही, असं सगळ्यांना वाटलं. पण ताप चढला त्याच दिवशी फ्रॉक मिठाच्या पाण्यात भिजत घातला होता, आणि त्या गडबडीत मी मोरीच्या कोपऱ्यात तशीच पडून होते. फ्रॉक माझ्यात होता. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खरं सांगते, नसतं सांगितलं.

सुगंधाबाईंना तो पाचव्या दिवशी सापडला. त्यांनी रडून आकांत केला नाही. नवं पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि फ्रॉक पुन्हा भिजत घातला.

तेव्हापासून दर महिन्याला, शकू गेली त्या तारखेला, फ्रॉक धुतला जाऊ लागला. तो कुणाच्या अंगाला लागत नव्हता, त्याला धूळही लागत नव्हती, तरी धुतला जायचा. लेकीसाठी करण्यासारखं तेवढंच काम उरलं होतं. आणि धुतलेलं पाणी सुगंधाबाई मोरीत ओतत नसत. गॅलरीत डालडाच्या डब्यात अबोली होती, तिच्या मुळाशी घालत.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती ऐकून घाबरू नका. लहान मुलांचे कपडे दिवेलागणीनंतर बाहेर दोरीवर ठेवू नयेत, असं आमच्याकडे म्हणतात. रिकाम्या कपड्यात काहीबाही येऊन बसतं, असा समज. चाळीतल्या सगळ्या बायका तिन्हीसांजेच्या आत झबली, टोपडी, लंगोट भराभर आत घ्यायच्या. सुगंधाबाई मात्र फ्रॉक तेव्हाच बाहेर काढायच्या. दिवसभर घरात सावलीला ठेवलेला फ्रॉक दिवे लागले की गॅलरीच्या दोरीवर घालायच्या आणि उंबऱ्यावर बसून त्याच्याकडे बघायच्या. मी दोरीखालीच असायची. वारा आला की फ्रॉक फुगायचा, पोट, खांदे, सगळं भरायचं, आणि एक थेंब टप्पकन माझ्यात पडायचा. तेव्हा सुगंधाबाई हलक्या आवाजात विचारायच्या, "आलीस?"

काहीच यायचं नाही. वारा पडला की फ्रॉक चिमून जायचा. त्या तो काढून घडी घालायच्या. जयवंतराव आत भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांना सगळं कळत होतं. पण बायकोला काय सांगावं, हे त्या रंगखात्यातल्या शहाण्या माणसाला कळत नव्हतं.

पुढे गिरण्यांचा संप झाला. जयवंतरावांची गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि ते भांडुपच्या एका कारखान्यात लागले. त्यांची नखं पांढरी झाली. तो डाळिंबी रंग आता पुन्हा कुठे मिळणार नव्हता. सुगंधाबाई फ्रॉकला आणखी जपू लागल्या.

त्र्याऐंशी साली नंदू जन्मली. पहिल्यांदा बाळाच्या अंगाला जुनंच लावायचं, नांदत्या घरातलं. बहिणीचं काहीच नव्हतं, म्हणून शेजारच्या चंपाने आपल्या मुलाची दोन मऊ झबली आणून दिली. बाळंतपणाला जयवंतरावांची आई, रुक्मिणीआजी, कोकणातून आली होती. पोर झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिने दिवेलागणीला दोरीवर फ्रॉक पाहिला आणि तिचा जीव वरखाली झाला.

"गो सुगंधा, तिनसान जाली! पोराचा कापड भायर कसा? भितुर घे आधी!" मग तिने नीट बघितलं आणि ओळखलं. आवाज एकदम उतरला. "ह्यो शकूचो मां? गेलेल्या पोराचा कापड घरात ठेवू नये गो. जित्या पोराक तरास होता."

सुगंधाबाईंनी फ्रॉक काढून घडी घातली. आजी महिनाभर धुसफुसली आणि गावी निघून गेली.

आजी म्हणाली तसलं काही घडलं नाही. नंदूला भूतबाधा झाली नाही, तिला पछाडलं नाही. पण त्रास झाला, मित्रांनो. तो मी रोज पाहिला. नंदूचे कपडे माझ्यात कसेही कोंबले जायचे. निळं, पिवळं, पांढरं, सगळं एकाच पाण्यात. कढत पाणी, सोड्याची पूड, धोपाटण्याचा मारा आणि कडक ऊन. एकाचा रंग दुसऱ्याला लागायचा. चार पाण्यांत तिचं नवं परकर-पोलकं फडक्यासारखं दिसायला लागायचं. सुगंधाबाई तिला जेवूखाऊ घालायच्या, वेणी घालायच्या. तिच्यावर कधी हात उचलला नाही. पण तिच्याकडे बघून बोलायच्या नाहीत. नंदूही शहाणी होती. ती हट्ट करायची नाही, गॅलरीत माझ्या काठावर हनुवटी टेकून उकिडवी बसायची आणि माझ्या पाण्यात स्वतःचं तोंड बघायची.

एकदा चंपाला राहवलं नाही. "सुगंधा, एक बोलू? राग आला तर येऊ दे. गेलेल्या पोरीचा रंग जपतेस, आणि ही जिती पोर बघ. पोतेऱ्याचे कपडे घालून फिरते. तिने काय केलंय गं तुझं?"

"तू तुझं बघ," सुगंधाबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. दोघींचं बोलणं वर्षभर बंद होतं.

आणि मग सत्याऐंशी सालातली ती संध्याकाळ आली. महिन्याची तीच तारीख. फ्रॉक माझ्यात मिठाच्या पाण्यात होता, उलटा केलेला. खाली नळ आला म्हणून सुगंधाबाई हंडा-कळशी घेऊन गेल्या. चार वर्षांची नंदू गॅलरीत एकटीच होती. ती माझ्याजवळ आली. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि फ्रॉक वर ओढला. तो जड झाला होता, पाण्याने ओथंबला होता. तिने अंगातलं काढून टाकलं आणि तो ओला फ्रॉक तसाच, उलटाच, शिवणी बाहेर, डोक्यातून घातला. तिला तो बरोबर झाला.

इकडे दिवे लागले. जिन्यावर पावलं वाजली. सुगंधाबाई डोक्यावर हंडा घेऊन वर आल्या आणि त्यांनी पाहिलं. दोरीखाली, दिवेलागणीला, डाळिंबी फ्रॉक उभा होता. आणि तो भरलेला होता.

हंडा पडला, पाणी गॅलरीभर झालं.

"शकू!" तसा आवाज मी त्याआधी सहा वर्षं ऐकला नव्हता. इतका मऊ, की माझंही पाणी हललं. त्या गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हात पसरले. "आलीस गं बाळा? आलीस?"

नंदूने आईकडे पाहिलं. असं कुणी तिला कधी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "हो. आले."

सुगंधाबाईंनी तिला छातीशी घट्ट धरलं. मिठाचं पाणी दोघींच्या अंगावरून ओघळत होतं. त्यांनी तिच्या केसांचा वास घेतला, गाल चाचपले, आणि त्यांचे हात थांबले. हनुवटीवरचा तीळ शकूचा नव्हता.

त्या मागे सरकल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. नंदूला कळलं की आता काहीतरी बिघडणार. तिने आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि घाईघाईने म्हणाली, "आई, मला शकूच म्हण ना. मी शकूच होते. म्हण ना."

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, पण त्या वेळी मला फुटून जावंसं वाटलं. हे पोर स्वतःचं नाव द्यायला निघालं होतं.

सुगंधाबाईंना एकदम हुंदका फुटला. शकू गेल्यापासून जो अडला होता, तो. शेजारच्या दारातून चंपा धावत आली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंदूचे पाय लालसर ओघळांनी भरले होते. सुगंधाबाईंनी ते आपल्या पदराने पुसले.

"नंदू," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "नंदू. उलटा घातलास गं. थांब, सुलटा करून देते."

त्यानंतर तो फ्रॉक नंदूचा झाला. ती तो घालून टेकडीवर खेळली, चिंचेच्या झाडाखाली पडली, त्याच्यावर आमटी सांडली. तो धुवायचा तेव्हा मूठभर मीठ असायचं, गार पाणी असायचं, आणि आता तिचे बाकीचे कपडेही तसेच धुतले जायचे. वेगवेगळे, उलटे करून, सावलीत. तरीही रोजच्या वापराने फ्रॉकचा रंग उतरत गेला. डाळिंबी होता तो पेरूच्या गराएवढा गुलाबी झाला. दर खेपेला मी सुगंधाबाईंच्या तोंडाकडे बघायची. त्या गुलाबी पाण्याकडे बघायच्या, सुस्कारा टाकायच्या आणि ते मोरीत ओतायच्या.

दोन वर्षांनी फ्रॉक नंदूला आखूड झाला. सुगंधाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि चार बोटांची ती जुनी दुमड त्यांनी सुईने उसवली. घडी उलगडली आणि त्यांचा हात तसाच राहिला. आतला पट्टा लख्ख डाळिंबी होता. ना ऊन लागलेलं, ना माती. दिवाळीच्या आधी जयवंतरावांच्या नखांवर होता, तोच रंग. इतकी वर्षं दुमडीत, ऊनवाऱ्याच्या आड, तो तसाच बसून होता.

जयवंतराव बाहेर आले. त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि कितीतरी दिवसांनी रंगखात्यातल्या माणसासारखं बोलले. "पक्का बसला होता हो रंग."

नंदूने फ्रॉक अंगाला लावून पाहिला. गुडघ्यांभोवती तो गडद पट्टा आला. "वरचा माझा," ती म्हणाली, "आणि हा खालचा ताईचा."

सुगंधाबाई हसल्या. डोळे भरलेले होते, पण हसल्या. त्यांनी फ्रॉक माझ्यात धुतला आणि गॅलरीत सावलीच्या बाजूला घातला. मी दोरीखाली वाट बघत बसले. संध्याकाळ झाली, वारा सुटला, फ्रॉक जरासा फुगला. समोरच्या घरात कुणीतरी दिव्याला काडी ओढली. आणि सुगंधाबाई लगबगीने बाहेर आल्या, चिमटे काढले आणि फ्रॉक आत घेऊन गेल्या, चाळीतली कुठलीही आई घेते तसा.

त्याच वर्षी माझं बूड गळायला लागलं. प्लास्टिकची हिरवी बालदी आली आणि डालडाच्या डब्यातली अबोली माझ्यात आली. तिची मुळं माझ्या पत्र्याला चाचपतात. अबोलीची फुलं शेंदरीच असतात, हे मला माहीत आहे. तरी एखादं फूल जरा जास्तच लाल निघतं, तेव्हा मी त्याच्याकडे बघत राहते.

तर मित्रांनो, आपल्या कपड्यांना जपा. पहिल्या पाण्याला मीठ टाकायला सांगा. कपडा उलटा करा, गार पाण्यात बुडवा, पिळू नका, सावलीत घाला. आणि मग तो अंगावर घाला, खेळा, मळवा, त्याचा रंग जाऊ द्या. आणि आईला एवढं सांगा की दिवे लागायच्या आत दोरीवरचे कपडे घरात घे. ते उद्या कुणालातरी घालायचे आहेत.