दहा आलेख, एक रेघ

एडविजने दहा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर दाबून धरले. आलेख दहा, पण उजेडात रेघ एकच दिसत होती.

"बघा सर. लोखंडाचा चार अणूंच्या जाडीचा पापुद्रा संगणकात तापवत न्यायचा आणि त्याचं चुंबकत्व कधी जातं ते बघायचं. त्यासाठी प्रोग्राम फासे टाकल्यासारखे आकडे काढतो, ते दर वेळी वेगळे पडायला हवेत ना? इथे दहाही वेळा तेच पडलेत. शेवटच्या दशांशापर्यंत."

प्रोफेसर तेम्गुआ चष्मा कपाळावर चढवून जवळ आले. याच प्रोग्रामवर लिहिलेल्या निबंधाने त्यांचं नाव झालं होतं आणि ड्शांगच्या विद्यापीठात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. गुरुवारी एडविजची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. चार वर्षं रक्त आटवलं होतं तिने.

"कशामुळे झालं?"

"फासे ज्या आकड्यावरून पडतात तो सुरुवातीचा आकडा कोणीतरी प्रोग्राममध्ये कायमचा लिहून टाकलाय. वीस वर्षांपूर्वीच्या प्रतीतही तोच आहे. म्हणजे तुमच्या त्या निबंधातसुद्धा..."

ते चक्क हसले.

"अगं पोरी, मग घाबरतेस काय? माझ्या चुका विद्यार्थ्यांनी नाही काढायच्या तर काय पाहुण्यांनी?" खिशातली कोलाची कडू बी, इथे आपल्या माणसाला देतात ती, फोडून त्यांनी अर्धी तिच्या हातावर ठेवली. "घे. आणखी कोणाला दाखवलंस?"

"नाही सर. आधी तुम्हालाच."

"शहाणी आहेस. जा, पोटभर जेवून ये. मग आकडा बदलून पुन्हा चालव. परीक्षा ढकलू पुढे."

तिला इतकं हायसं वाटलं की घेवडा आणि गरम भजी तिने दोनदा मागून घेतली. लोक उगाच सरांना नावं ठेवतात, झालं!

परत येऊन तिने प्रोग्राम उघडला. या प्रयोगशाळेत जो ओळ बदलेल त्याने शेजारी नाव आणि तारीख लिहायची रीत होती. सकाळी त्या आकड्याशेजारी काहीच नव्हतं. आता तिथे लिहिलं होतं: एडविज सोनकेंग. तारीख चार वर्षांपूर्वीची, ती इथे आली त्या महिन्यातली.

तिने घाईघाईने जुनी प्रत शोधली. ती ज्यात होती तो फोल्डरच नव्हता.

पलीकडच्या खोलीत सर फोनवर परीक्षकांशी बोलत होते. आवाज अगदी जड झाला होता.

"नाही, आजच माझ्या लक्षात आलं. काय सांगू तुम्हाला... फार हुशार मुलगी होती हो."