काट्यांच्या कुशीतले माझे लेकरू

मी अ‍ॅटलास पर्वतावरची एक जुनी जुनिपर आहे, मित्रांनो, आणि सरळच सांगते, वैतागले आहे. माझ्या खाली डोंगरभर झाडे. माझ्या वर नुसते काटेरी झुडपांचे गोल गड्डे, मग घसरते दगड, मग बर्फ.

इथे वाढणे म्हणजे थट्टा नाही. वर्षाला बोटाच्या पेरभर वाढले तरी पुष्कळ. वारा ज्या बाजूने मारतो तिकडे फांदीच धरायची नाही. आणि बी पेरणे? आमच्यात नर वेगळा, मादी वेगळी, मी मादी. माझी निळी फळे कस्तुर पक्ष्यांनी खावीत आणि वर उडून जाऊन बिया टाकाव्यात. त्यातल्या बऱ्याचशा पोकळ. उरलेल्या दोन-दोन हिवाळे झोपून राहतात. उघड्यावर रुजलेले रोप पहिल्याच उन्हाळ्यात करपते, नाहीतर शेळीच्या पोटात जाते. काट्यांच्या गड्ड्यात रुजले तरच सावली, ओल आणि पहारा एका ठिकाणी मिळतो.

एवढे सगळे जुळून शंभर वर्षांत माझे एकच लेकरू माझ्यापेक्षा वर चढले. दोनशे पावलांवर, एका गड्ड्याच्या पोटात. वय वीस वर्षे, उंची दोन वीत. मी रोज तिकडे पाहायची. जायला पाय कुठे आहेत?

खालच्या गावाने माझ्याकडून काय नाही घेतले! बर्फात चारा संपला की म्हातारी तूदा कोयता घेऊन येते आणि माझ्या फांद्या तोडून शेळ्यांना घालते. तिची सासूही तोडायची. घरांच्या तुळया माझ्या बहिणींच्या. "शंभर वर्षं कीड लागत नाही हो!" असे कौतुक. कौतुक संपले की पुन्हा कोयता.

पण यंदाचा प्रताप तूदाच्या नव्या सुनेचा, इज्जाचा. ती खालच्या खोऱ्यातली, बागायतीतली. वसंतात वरचे कुरण बंद असते. गावाने ठरवलेला दिवस उजाडेपर्यंत एकही शेळी वर येत नाही. जळणाला मात्र मनाई नाही. त्या दिवसाच्या दोनच दिवस आधी, भाकरीच्या भट्टीसाठी काटे न्यायला इज्जा पाठीवर तान्ही लेक बांधून वर आली. आणि तिला माझे लेकरू दिसले.

"अगं बाई! बघ ग तित्रित, केवढंसं झाड! काट्यांनी गळा आवळलाय बिचाऱ्याचा."

झाले! घेतली कुदळ आणि अख्खा गड्डा छाटून मोकळी! वर लेकीच्या मनगटाची लाल लोकर सोडून, दृष्ट लागू नये म्हणून, रोपाला बांधली. भोवती गोट्यांचे गोल रिंगण मांडले. शेळीला ते रिंगण म्हणजे काय? ताट! मी पाने सळसळवली, पण वाऱ्यात कोण ऐकतो? काट्यांचा भारा घेऊन बाई गाणे गुणगुणत उतरली.

दुसऱ्या दिवशी सासू-सून धापा टाकत, भांडत वर आल्या. सुनेच्या पाठीवर लेक, सासूच्या पाठीवर अर्धा भारा. उरलेला अर्धा भट्टीत गेला होता.

"आणि वर मला सांगतेस, 'लाल्ला, मी झाड वाचवलं'!" तूदा कडाडली. इथे सुना सासूला मानाने लाल्ला म्हणतात.

"मला काय ठाऊक, लाल्ला? आमच्याकडे रोपाभोवती खुरपतातच."

"तुमच्याकडे पाटाचं पाणी आहे. तुझी पोर बर्फात उघडी ठेवशील? इथं काटा हीच त्याची आई."

मला राग आला. आई मी आहे. पण म्हातारी खोटे बोलत नव्हती.

अर्ध्या भाऱ्याने अर्धेच रोप झाकले. इज्जाने शेजारच्या गड्ड्यावर कुदळ उगारली तशी तूदा ओरडली, "एकाला झाकायला दुसऱ्याला उघडं पाडतेस? त्यात कोण झोपलंय, वाकून बघितलंस?"

आणि दुसऱ्या सकाळी कुरण उघडले. तीनशे शेळ्या उधळत वर आल्या. इतर बाया चहा पीत बसल्या होत्या. इज्जा उघड्या बाजूला हात पसरून उभी. दुपारी पाठीवरच्या तित्रितने टाहो फोडला. इज्जा क्षणभर वळली आणि एका काळ्या शेळीने शेंडा खुडला. पाच वर्षांची वाढ, एक घास. मागून आणखी दहा येत होत्या.

"लाल्ला! काहीतरी करा!"

तूदा कोयता घेऊन थेट माझ्याकडे आली. खालची सर्वांत जाड फांदी घाव घालून तोडली आणि उतारावर लांब फरफटत नेली. शेळ्यांना माझी चव हिवाळ्यापासून ठाऊक. सगळ्या तिकडे धावल्या.

मित्रांनो, आजवर तुटलेल्या फांद्यांत कुरकूर न करता दिलेली ती एकच.

आता इज्जा रोज वर येते, वाळके काटे आणून भगदाड बुजवते. जुन्या गड्ड्याची मुळे जिवंत आहेत; तो पुन्हा फुटेल. म्हणून सांगते, काटा दिसला की उपटायला धावू नका. आधी वाकून आत पाहा.

आणि कुणी इज्जाला सांगा हो, ती लाल लोकर तेवढी सोड. वाढत्या खोडाचा गळा आवळतो तो काटा नव्हे, ती गाठ.