शौकीमामाचा बावर

आमच्या कैरोत ॲम्प्लिफायरला कोणी ॲम्प्लिफायर म्हणत नाही, 'बावर' म्हणतात. इंग्रजीतली 'पॉवर'च ती. पण अरबीत 'प' नाही, तेव्हा ती बावर झाली, आणि ताकद या गुणाची एक लोखंडी पेटी झाली. शौकीमामाच्या हाती तो कागद पडेपर्यंत त्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

कागद बाबांच्या सबवूफरच्या खोक्यात होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या, रबाबच्या वरातीत आमची जुनी लाडा गाडी साऱ्या शुब्रा भागात घुमली पाहिजे, म्हणून बाबांनी तो भोंगा आणला, आणि बावर आणायच्या आधी गेले. त्याला वर्ष झालं. आता गुरुवारी वरात होती. भोंगा वाजावा आणि जळू नये, एवढंच मला हवं होतं. बाबांनी लग्नासाठी आणलेलं दुसरं काही घरात नव्हतं.

मामाने चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. "पॉवर, तीनशे... इनास! तुझ्या बापाला, हाज मितवल्लीला, वेड लागलं होतं का गं? तीनशे बावर? लाडात चार माणसं मावत नाहीत!"

"मामा, ते वॅट आहेत. पेटी एकच."

"आणि खाली हे बाराशे?"

"ते क्षणभर. तीनशे सतत."

"म्हणजे?"

"तू लग्नात जेवतोस ते बाराशे. घरी रोज जेवतोस ते तीनशे."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हा घरीही बाराशेच जेवतो."

तौफिकिया बाजारातल्या दुकानदाराने, वगदीने, मामाला एका नजरेत ओळखलं आणि सोनेरी पेटी पुढे सरकवली. तिच्यावर तळहाताएवढे आकडे होते: ३०००.

"बघा, पाशा! हा बावर नाही, सिंह आहे."

"घेतला," मामा म्हणाला.

"सतत किती देतो?" मी विचारलं.

वगदी दुखावला. "ताई, वरात अर्ध्या तासाची. सतत कशाला हवं?"

"तीन हजार सोडलेत तर तीनशेचा भोंगा धूर काढेल."

"धूर आला की आवाज वाढवायचा. कोणाचं लक्ष जात नाही."

"ऐक!" मामा म्हणाला. "धंद्यातला माणूस आहे. आणि तीनशेवाला नेला तर नवऱ्याकडचे दात काढतील. त्यांच्या बसला दोन भोंगे आहेत. बापाची लाज राखायची की नाही?"

हे शेवटचं त्याने बोलायला नको होतं. मी पेटी उलटी केली. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: चार ओहमला, सतत, तीनशे. आमचा भोंगाही चार ओहमचाच. समोरचे तीन हजार बहुधा पेटीवर वीज कोसळली तरचे असावेत.

मी वगदीकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं.

"हाच घेऊ, मामा," मी म्हटलं. "तुझंच खरं."

मग मामा गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटला, "तीन हजार!" इस्त्रीवाल्याला त्याने दोनदा सांगितलं.

गुरुवारी दुपारी वरात निघाली. पुढे फुलांच्या गाडीत रबाब, मागे आमची लाडा: मामा चालवायला, आई त्याच्या शेजारी, मी मागे. मामाने बिस्मिल्ला म्हणून बटण फिरवलं. पहिल्या ठोक्याला नंबरप्लेट नाचली, दुसऱ्याला उजवा आरसा खाली लोंबला, तिसऱ्याला समोरच्या गच्चीवरची सगळी कबुतरं उडाली. नवऱ्याकडची बस गाणं थांबवून ऐकत राहिली.

"किती आहेत?" त्यांचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"तीन हजार!" मामा ओरडला.

मी वाकून डिकीतल्या भोंग्याकडे नाक नेलं. जळका वास नव्हता.

आई वर्षभरात लाडात बसली नव्हती. ती मागे वळली. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून डिकीकडे बघत म्हणाली, "पुरे की हो, हाज. लोक काय म्हणतील!"

आवाज कमी करायला मामाचा हात बटणाकडे गेला. मी पुढे झुकून त्याचं मनगट धरलं.