मंगळावरचं तोंड आणि अव्वाची भाकरी

दर मंगळवारी आमच्या गल्लीत सायकल टेकवायलाही जागा उरत नसे. नारळवाला, कापूरवाला, चपला सांभाळणारा, चपला चोरणारा, सगळे आपापल्या जागी हजर. रांगेच्या टोकाला सुताचं एक रिकामं गोदाम होतं, आणि त्या गोदामात साक्षात मंगळ बसलेला असे.

झालं होतं असं. त्या वर्षी, म्हणजे शहात्तर साली, अमेरिकेचं व्हायकिंग नावाचं यान मंगळाशी पोचलं. त्यातलं अर्धं यंत्र खाली उतरून माती उकरू लागलं आणि अर्धं वर घिरट्या घालत फोटो काढू लागलं. वरच्या यंत्राचा एक फोटो पेपरात आला. ओसाड माळ, माळावर एक डोंगर, आणि डोंगराला चक्क माणसाचं तोंड! डोळे, नाक, मिटलेले ओठ. सगळ्या सोलापुरानं तो फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवशी त्या पेपरात शेंगा बांधल्या. गोदामातल्या भौमानंद महाराजांनी मात्र तो कापून चौकटीत बसवला आणि जाहीर केलं, "हे तोंड माझं हाय."

माणसानं स्वतःचं तोंड ओळखलं यात चमत्कार कसला, असं मला वाटलं. पण मी बी.ए.ला दोनदा बसलेला. माझ्या वाटण्याला गल्लीत भाव नव्हता.

दर्शन भर दुपारी, पण अंधारात. गोदामाच्या खिडक्यांवर दुहेरी चादरी ठोकलेल्या. महाराज डोक्यावर उपरणं गुंडाळून बसत. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, जमिनीलगत, पितळी दिवा. उजवीकडं हार घातलेला फोटो. अर्धं तोंड उजेडात, अर्धं काळोखात. महाराज डोळे मिटून दगडासारखे बसले की लोक एकदा फोटोकडं बघत, एकदा त्यांच्याकडं.

"अय्यो! त्येच नाक की!"

"नाकाशेजारचा मस बघा, फोटोत बी हाय!"

खरंच, फोटोत नाकाशी एक काळा ठिपका होता आणि महाराजांच्या नाकाशी काळा मस. मल्लव्वा म्हातारीनं फोटोला कुंकू लावलं आणि उरलेलं महाराजांना लावलं. हिशेब चुकायला नको.

मग महाराज तोंड उघडत. "मी हितं बी हाय, तितं बी हाय. हितं च्या पितो, तितं ढेकर येतो. अमेरिका कोटी कोटी मैल उडून माझ्या दर्शनाला आली, अन् तुमी टांग्यानं आलात! सांगा, पुण्यवान कोण?"

"आमी, आमी!" गर्दी म्हणे. टांग्याचा फायदा लोकांना प्रथमच कळत होता.

हे सगळं मला मजेत बघता आलं असतं, पण आमची आक्का हसली आणि घोटाळा झाला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण चन्नम्मा. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचं लग्न एस.टी.त तिकीट खिडकीवर बसणाऱ्या विरुपाक्षाशी ठरलेलं. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, तारीख निघालेली. विरुपाक्षाची आई गुरम्मा अक्कलकोटची, मनानं मऊ, त्यात महाराज म्हटलं की विरघळणारी. ती दोघांना आशीर्वादाला घेऊन आली. मी नारळ धरायला होतो.

महाराजांनी ढेकराचं वाक्य टाकलं आणि आक्का फिस्सकन हसली. मोठ्यानं नव्हे, पण गोदामाचं छप्पर पत्र्याचं होतं.

महाराजांनी एक डोळा उघडला, उजेडातला. "या पोरीच्या पत्रिकेत मीच बसलोय, सातव्या घरात. अन् माझ्या छाताडावर सध्या अमेरिकेचं यंत्र बसलंय. ते यंत्र माघारी जाईस्तवर हिचं लगीन न्हाय! केलं, तर नवऱ्याची धडगत न्हाय!"

गुरम्मा पांढरीफटक पडली. घरी येऊन तिनं आक्काला पहिला प्रश्न विचारला. "बाळ, तू भूगोल शिकवतीस. कधी माघारी येतंय ते यंत्र?"

आक्काला खोटं बोलायची सवय नव्हती. "येत नाही, मावशी. ते तिथंच राहणार. परत यायची सोयच नाही त्याला."

"जाऊन-येऊन तिकीट नसताना सोडलं कसं?" विरुपाक्षानं खात्याच्या दृष्टीनं विचारलं.

"मग लग्नाला बी सोय न्हाय," गुरम्मा डोळे पुसत म्हणाली. "मला एकच पोरगा हाय, बाळ."

विरुपाक्ष जाताना आक्काकडं असा बघत होता, जणू शेवटची गाडी फलाटावरून सुटली आणि सोडली त्यानंच.

इकडं आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, लग्नासाठी कडक भाकऱ्यांच्या चळती रचून ठेवल्या होत्या, पार माझ्या छातीपर्यंत. "कडक भाकरी टिकते खरी," अव्वा म्हणाली, "पण मंगळाच्या हिशेबानं न्हाय टिकत."

त्या संध्याकाळी वीज गेली. आक्का कंदील जमिनीवर ठेवून मुलींचे पेपर तपासत बसली होती. समोर एक भाकरी भिंतीला टेकवून ठेवलेली. अचानक ती ओरडली, "रुद्र्या, इकडं ये बे! हा कोण?"

मी बघितलं आणि सवयीनं हात जोडले. भाकरीवर महाराज होते! तव्यावर फुगलेल्या फोडांचं नाक, दोन खळग्यांचे डोळे, खाली ओठ, वर पसरलेले काळे तीळ. आक्कानं कंदील उचलून भाकरीच्या समोर धरला. महाराज अंतर्धान. कंदील पुन्हा खाली, डाव्या बाजूला. महाराज हजर.

आक्का हसली. या वेळी पोटभर.

पुढच्या मंगळवारी तिनं गुरम्माला हात धरून नेलं. "मावशी, एकदाच चला. मग तुम्ही म्हणाल तसं." विरुपाक्ष मागं. मी भाकरी धरायला होतो. माझी बढती झाली होती.

"महाराज," आक्का वाकून म्हणाली, "मी हसले, पण तुम्ही मनावर घेतलं नाही. आमच्या घरी भाकरीत प्रकट झालात." तिनं फोटोशेजारी भाकरी उभी केली.

गर्दी टाचा उंचावून बघू लागली. "प्रकटले! भाकरीत प्रकटले!"

महाराजही गडबडले, पण आलेला मान कोण सोडतो? "व्हय!" ते गरजले. "भाकरीत मीच हाय!"

"नक्की तुम्हीच ना?"

"मीच! नाक बघा की!"

आक्कानं दिवा उचलून भाकरीच्या समोर आणला. राहिली नुसती भाकरी.

"कुठं गेलात?"

"मी... रुसलो."

आक्कानं दिवा उजव्या बाजूला ठेवला. सगळे निरखून बघू लागले. शेवटी मल्लव्वा म्हणाली, "आता म्हस दिसतीया."

"महाराजच आहेत ते," मी म्हणालो. "आत्ताच म्हणाले की."

पहिलं हसू कुणाचं फुटलं कळलं नाही, पण पत्र्यानं ते सगळ्यांना वाटून दिलं. आक्का शाळेतल्यासारखी बोलू लागली. "मंगळावर तो नुसता डोंगर आहे. फोटो निघाला तेव्हा तिथं ऊन तिरकं होतं. उंचवटे उजळले, खळग्यांत सावली पडली. माणसाच्या डोळ्याला माणूस शोधायची खोडच असते, त्याला तोंड दिसतं. यंत्राला डोंगर दिसला आणि त्यानं डोंगरच पाठवला. तसंच तिरकं ऊन पाडायला महाराजांचा दिवा कायम खाली आणि डावीकडं. असा उजेड टाकला तर आमचा रुद्र्याही मंगळावरचा दिसेल."

"पण तो मस?" गुरम्मानं विचारलं.

"फोटोत नीट बघा, मावशी. तसे ठिपके माळावरही आहेत, सगळीकडं. एवढ्या लांबून फोटो येताना जेवढं वाटेत हरवलं, तेवढं काळं राहिलं. त्यातला एक नाकाशी पडला. रुद्र्या, चादर!"

मी चादर ओढली. सोलापूरचं दुपारचं ऊन दाणकन आत आलं. उजेडात बसले होते गोल गालांचे, घामेजलेले एक गृहस्थ. फोटोशी त्यांचं काही नातं नव्हतं. गुरम्मा सरळ पुढं गेली. पदराचं टोक जिभेनं ओलं केलं, आई तान्ह्या पोराचं पुसते तसं महाराजांचं नाक धरलं आणि पुसलं.

मस पदरावर आला. काजळाचा होता.

गुरम्मानं डागाचा पदर पोरासमोर धरला. मग म्हणाली, "विरुपाक्षा, यंत्र राहू दे तितंच. लगीन हितं करू."

महाराज मंगळाचे नव्हते, करमाळ्याकडच्या केमचे होते. आणि यंत्रासारखी त्यांची गत झाली नाही, त्यांना माघारी जायची सोय होती. विरुपाक्षानं स्वतः उठून त्यांना करमाळ्याच्या गाडीत बसवलं. फक्त जायच्या तिकिटावर.

लग्नात गुरम्मानं तीच भाकरी मागून घेतली. नाकाचा तुकडा मोडून शेंगाचटणीसकट सुनेला भरवला, डोळ्यांचा स्वतः खाल्ला. आक्काचा नवरा अजून ठणठणीत आहे, आणि ते यंत्र अजून तिकडंच आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्या गल्लीत कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याच्याशी भांडू नका, रांगेत शांत उभे राहा. पाळी आली की फक्त दिवा उचला आणि दुसऱ्या बाजूला ठेवून बघा. खरं असेल ते तिथूनही तसंच दिसेल.