घुमाऱ्याला पुरेल इतकी वीज

छोटा डबा

तिसरं गाणं. कोरस थांबतो, ढोलकीची उजवी बाजू एकटीच तडतडत पुढे जाते, आणि मग मुक्ताबाईंचा डावा हात

टक्.

हिरवा दिवा लाल झाला. स्पीकर गप्प.

पुन्हा. आवाज थोडा कमी करून.

तिसरं गाणं. कोरस थांबतो, उजवी बाजू एकटीच पुढे जाते, आणि मग मुक्ताबाईंचा डावा हात घु

टक्.

"नेमकं तिथंच कसं मरतंय हे?" करुणा म्हणाली.

"सहाशे वॅट लिहिलंय याच्यावर," तिचा आतेभाऊ अभय म्हणाला. डबा, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्यानं ऑनलाइन मागवला होता. दोन वह्या एकावर एक ठेवाव्यात एवढाच तो होता. खोक्यावर ज्वाळांचं चित्र होतं.

"लिहायला काय जातंय," मुक्ताबाई पलंगावरून म्हणाल्या. "माझ्या आधार कार्डावर जन्म एक जानेवारीचा लिहिलाय."

"मामी, तुमचं वेगळं."

"काय वेगळं? लिहिणाऱ्यानं विचारलंच नाय."

भावसिंगपुऱ्यातल्या त्या खोलीत स्पीकर आल्यापासून पलंग भिंतीला चिकटला होता. करुणा ज्या लॅबमध्ये रक्त तपासते, तिथले डॉक्टर परदेशात गेले आणि जाताना कमरेएवढे उंच दोन स्पीकर तिला देऊन गेले. त्यांचा ॲम्प्लिफायर मात्र आधीच दुसऱ्याला कबूल झाला होता. "चांगला शोध हं," ते म्हणाले होते, "हे खादाड आहेत."

करुणाला गाणी ऐकायची हौस म्हणून हे चाललं नव्हतं. तिला एक थाप हवी होती.

मुक्ताबाई, तिची आई, बायकांच्या भीमगीत पार्टीत ढोलकी वाजवायच्या. त्यांची एक कॅसेट निघाली होती. तिसऱ्या गाण्यात कोरस थांबतो, डाव्या हाताचा एकच घुमारा येतो, आणि त्या घुमाऱ्यावरून सगळ्याजणी पुढची ओळ उचलतात. मुक्ताबाईंचं डावं मनगट पडून मोडलं आणि वाकडं जुळलं, तेव्हापासून ढोलकी करुणाकडे आली. बाकी सगळं आलं, घुमारा आला नाही. तिच्या थापेवर अर्ध्या बायका आधी उचलायच्या, अर्ध्या नंतर. पार्टीची म्होरकी सुलेखाताई. तिनं सरळ सांगितलं होतं, "रविवारच्या तालमीपर्यंत बघू. नायतर जयंतीला ऑक्टोपॅडवाला बोलावते. राग मानू नको."

कॅसेट फोनवर उतरवून ऐकली तर डावा हातच नव्हता. कोरस थांबायचा, मग नुसतं रिकामं, मग कोरस. आईला विचारलं तर ती म्हणायची, "हात करतो ते. मला काय माहीत तो काय करतो."

आणि हा डबा बरोबर त्याच जागी मरत होता. करुणाला त्यातल्या त्यात एक गोष्ट आवडली. डबा मरतो म्हणजे तिथं काहीतरी आहे.

मोठा डबा

हर्सूलचा फारूख मंडप आणि साऊंड भाड्यानं देतो. त्यानं स्पीकरच्या मागे वाकून पाहिलं, जाळीवर टिचकी मारली, कान लावला.

"ताई, माझे टॉप स्पीकर थोडं दिलं तरी बोंब मारतात. ये लोगां अलग हैं. लई खातात आणि हळू बोलतात."

"मागं चार ओहम लिहिलंय," अभय म्हणाला. तो वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. "मी मोजलं तर त्याहून कमीच. खालच्या सुराला आणखी उतरत असणार. म्हणजे घुमारा आला की हे एकदम करंट ओढतात, आणि आपला डबा दार लावून घेतो."

"बस, फिर क्या! मिरवणुकीचा ॲम्प लावू. ट्रक हलवतो तो, तुमचा डब्बा काय घेऊन बसलाय."

तो ॲम्प दोघांनी उचलून आणला. चालू केला तसा त्याचा पंखा फिरायला लागला. खोलीत कूलर लावल्यासारखं वाटलं, फक्त गार लागेना.

तिसरं गाणं. कोरस थांबतो. उजवी बाजू. आणि मग मुक्ताबाईंचा डावा हात

घुम्!

मांडणीवरचे पेले वाजले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "कोन हाय रे" म्हणालं. मुक्ताबाई हसायला लागल्या.

"मिरवणूक दारात आली का काय?"

"ऐकलंस, माय? हाच का?"

"हाच. पण शेपूट कुठंय त्याचं?"

शेपूट पंख्याच्या घरघरीखाली गेलं होतं. आवाज वाढवला की पेले वाजत, कमी केला की गाण्यापेक्षा पंखाच मोठा. फारूखला वाईट वाटलं.

"मावशी, जुलूसमध्ये पंखा कुणी ऐकत नाय. आजपर्यंत एकाची तक्रार नाय आली."

मोठा डबा, दाराबाहेर

मग त्यांनी तो ॲम्प गॅलरीत ठेवला, कपडे वाळतात तिथं, आणि स्पीकरपर्यंत वायर पुरेना म्हणून फारूखनं टेम्पोतली वायर आणली, मंडपात दिव्यांची माळ लावतात ती, बारीक, पांढरी, लांबच लांब, तिनं किती लग्नं उजळली असतील, ती दारातून आत, पलंगाखालून, पाण्याच्या माठाला वळसा घालून स्पीकरला लावली, दार ओढून घेतलं, पंखा बाहेर राहिला, आणि तिसऱ्या गाण्यात कोरस थांबला, उजवी बाजू गेली, आणि घुमारा आला, आला आणि रेंगाळला, लोंबला, पुढच्या थापेवर सांडला, कोरसच्या पहिल्या शब्दावरही थोडा सांडला, आणि करुणा म्हणाली असं आहे होय ते, लांब आहे, मी आखूड वाजवत होते, आणि तिनं ढोलकीचा पट्टा गळ्यात अडकवला, उभी राहिली आणि तसाच लांब घुमारा घोटत बसली, म्हणजे उभीच, दोन दिवस, लॅबमधून आल्या आल्या, चहासुद्धा न

मधल्या एका तालमीला सगळ्याजणींनी उशिरा उचललं. सगळ्याजणींनी! आधी निदान अर्ध्याच उशिरा उचलायच्या.

"करुणे," सुलेखाताई म्हणाली, "पॅडवाल्याला फोन करून ठेवते. मागनं नको म्हणायला पण येतंच की."

वायर

करुणा घरी येऊन त्या दोन स्पीकरांसमोर बसून राहिली. गाणं एक. हात एक. स्पीकर तेच. खोलीत ठेवला तर ॲम्प एक घुमारा सांगतो, गॅलरीत ठेवला तर दुसरा.

"खरं कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

अभयनं माळेची वायर काढली आणि कंपनीतून आणलेली जाड वायर हातभर तोडून लावली. ॲम्प परत खोलीत आला, पंख्यासकट. घुमारा आखडला.

"वायर खोटं बोलत होती," तो म्हणाला. "स्पीकरचा पडदा हलला की त्याला थांबवायचं पण ॲम्पनंच. बारीक वायरीतून त्याची पकड पोचत नव्हती."

"म्हणजे नुसतं ढकलून चालत नाय? धरायला पण लागतं?"

"व्हय."

करुणाला हे फार आवडलं. ती किती वेळ नुसती वायरकडे बघत होती.

"आता राहिला पंखा," ती म्हणाली.

जड डबा

फारूखला बिनपंख्याचा एक ॲम्प आठवला, खुलताबादला, त्याच्या मावशीच्या, गुलशनखालाच्या घरी. भावानं ठेवलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरवर खालानं क्रोशाचा रुमाल टाकला होता आणि त्यावर मनीप्लांटची बरणी ठेवली होती.

"ले जाओ बाबा," त्या म्हणाल्या. "झाडताना रोज पायाला लागतो. पर मेरी बरनी कहाँ रखूँ?"

अभयनं सहाशे वॅटचा डबा काढून दिला. खालाला ज्वाळांचं खोकंही हवं होतं. तेही दिलं.

करुणानं जुना डबा उचलून पाहिला. आत एका कोपऱ्यात जणू पाटा ठेवलाय. पंखा नव्हता, दोन्ही बाजूंना उष्णता सोडायला ॲल्युमिनियमच्या फण्या होत्या. पुढे वॅटचा आकडा कुठंच नव्हता.

"यावर काही लिहिलेलंच नाय," ती म्हणाली.

"ट्रान्सफॉर्मर बघ ना केवढाय," अभय म्हणाला. "जोर तिथं आहे. मागेल तेव्हा देईल."

फारूखनं बटणांतली धूळ काढली, एका सांध्याला पुन्हा डाग दिला. शनिवारची दुपार. जाड वायर, हातभर. खोलीत आता इतकी शांतता होती की कॅसेटची सळसळ ऐकू येत होती, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी बाई खोकली तेही.

"शांता," मुक्ताबाई म्हणाल्या. "तिला नेहमीच खोकला."

तिसरं गाणं. कोरस थांबतो. उजवी बाजू एकटीच पुढे जाते. आणि मग मुक्ताबाईंचा डावा हात घुम् करतो, आवाज खाली उतरायला लागतो, आणि अर्ध्या उतारावर कुणीतरी तो गिळून टाकतं.

जराशी पोकळी. त्या पोकळीत कोरस उचलतो.

करुणानं पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"माय, हा आवाज मध्येच दाबलाय."

"मग! दाबायला लागतो. नायतर बाया कुठून उचलतील?"

"कशानं दाबायचीस?"

"हातानं. अजून कशानं?"

"हातानं कसं? ऐक. दाबल्यावर लगेच पुढची थाप पडतीय, डाव्याचीच. हात थापेला वर गेलाय. मग दाबायला कोण आहे?"

"ऊपरवाला," फारूख म्हणाला.

"तू गप रे. ढोलकीवर मीच होते, दुसरं कुणी नाय." पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. वाकडा हात त्यांनी मांडीवर एकदा आपटून पाहिला. एकदा, लगेच दुसऱ्यांदा. दाबायला जागाच नव्हती.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

या वेळी करुणानं स्पीकरकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. मुक्ताबाई पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. कोरस थांबला. घुम्. आणि लुगड्याखाली त्यांचा डावा गुडघा टपकन वर आला, थांबला, खाली गेला.

"माय, गुडघा!"

"दुखतो तो. डॉक्टरला दाखवलाय."

"अगं, हलला!"

"काहीतरीच."

"मामी, मी पण बघितलं," अभय म्हणाला.

मुक्ताबाईंनी डोळे उघडले. लुगडं सावरून गुडघ्यावर चापून बसवलं आणि परक्या माणसाकडे पाहावं तसं गुडघ्याकडेच बघत राहिल्या. "लाव."

घुम्. गुडघा वर आला.

"आता ग माय," त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की फारूखनं पाणी आणलं. "हा करत होता व्हय! आणि सारी वाहवा हात खाऊन बसला!"

करुणा उभ्यानं ऐकत होती. ढोलकी गळ्यात पट्ट्यानं लटकलेली, ढोलकीच्या डाव्या तोंडाजवळ नुसती हवा. हल्ली सगळेच उभं राहून वाजवतात, ट्रकवर, स्टेजवर. आईची पार्टी सतरंजीवर बसून वाजवायची, ढोलकी मांडीत, कातड्याचा खालचा काठ गुडघ्याजवळ, गुडघा उचलला की टेकेल इतका. हे तिला नेहमीच माहीत होतं. फोटोत होतं.

तिनं पट्टा सोडला आणि खाली बसली.

रविवार

"खाली बसणार?" सुलेखाताईनं विचारलं. "जयंतीला लोकांना दिसणार नाय तू."

"चालतंय."

"गुडघ्याला पदर कशाला बांधलाय?"

"ताई, गाणं म्हणा ना."

मुक्ताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दारात फारूख, त्याला काही काम नव्हतं तरी आला होता. सुलेखाताईनं फोन बाजूला ठेवला, पॅडवाल्याचा नंबर काढून ठेवलेला तसाच. दोन गाणी झाली.

तिसरं गाणं. कोरस थांबला, उजवी बाजू एकटीच तडतडत पुढे गेली, आणि मग करुणाचा डावा हात घु

सगळ्याजणींनी एकदम उचललं.