दोन कड्यांचा दरवाजा

ते कॅलेंडर जरा बाजूला सारा. हां, मीच. तांडापेठेतल्या एका विणकराच्या घरातला मी दरवाजा बोलतोय. माझ्यातून पलीकडे जाता येईल असं समजू नका; माझ्या पाठीला विटांची भिंत आहे. मला इथून हलता येत नाही, म्हणून बोलतो. तशी बोलायची खोड जुनीच. दोन घरांच्या मध्ये उभं राहणाऱ्याला दोन्हीकडचं ऐकू येतं, त्याला मी तरी काय करणार?

मला धोंडबा सुतारानं घडवलं. श्रावण विणकराचं घर या गल्लीपासून मागच्या गल्लीपर्यंत लांबच लांब. त्याला दोन मुलगे, थोरला देवराव आणि धाकटा मधुसूदन. म्हाताऱ्यानं घरात मधोमध भिंत घातली. पुढचा भाग थोरल्याला, मागचा धाकट्याला. आणि भिंतीत मला बसवायला सांगितलं.

धोंडबा म्हणाला, "वाटणीच करून राहिला त मधात दरवाजा काहून ठेवतो गा?"

"अन् लुगड्याचा ताणा कुठी ताणू? गल्लीत? पाणी आलं म्हणजे?"

लुगड्याचे उभे धागे ताणायला एक खोली पुरत नाही. ताण्याच्या दिवशी मला सताड उघडायचे आणि देवरावच्या खुंटीपासून मधुसूदनच्या भिंतीपर्यंत माझ्यातून धागे जायचे. धागा घासू नये म्हणून मला उंबरठासुद्धा ठेवला नाही. धोंडबानं सवयीनं सरकत्या कड्या मात्र दोन्ही बाजूंनी ठोकल्या. "असू दे, वेळेवर कामी येते," म्हणाला. आली कामी.

भाऊ दोन, तशा त्यांच्या बायकाही सख्ख्या बहिणी. सिंधू थोरली, ती देवरावची; यमू धाकटी, ती मधुसूदनची. त्यांची आई लवकर गेली. जाण्याआधी तुटलेला धागा जोडायची एक गाठ दोघींना शिकवून गेली. इतकी बारीक की बोटाला लागत नाही, आणि तिची दोन टोकं दोन दिशांना. ताण्याच्या दिवशी दोघी दोन टोकांना बसायच्या आणि तुटके धागे गाठत गाठत माझ्यापाशी येऊन भेटायच्या. मग तिथेच चहा. यमू थोरल्या बहिणीला बाई म्हणायची.

"बाई, तुह्या बशीत जास्त हाये वं."

"घे, माही पी. लहानपणापासून हेच करून राहिली तू."

आता तुम्ही म्हणाल, रशिया-अमेरिकेचं भांडण तांडापेठेत कुठून आलं? अहो, पोत्यातून आलं आणि कागदातून आलं. मधुसूदन माग सोडून धान्याच्या गोदामात लागला होता. टंचाईची वर्षं. अमेरिकेचा लाल गहू यायचा, मिलो नावाची तिकडची ज्वारी यायची, आणि पोत्यावर हातात हात घेतलेलं चित्र. यमूनं त्या कापडाची उशी शिवली, पडदा शिवला, नवऱ्याची अर्धी चड्डीही शिवली. हातात हात बरोब्बर मागच्या बाजूला आला, त्यावरून गल्ली महिनाभर हसली.

देवराव लाल बावट्याच्या विणकर संघात. त्याच्याकडे रशियाची गुळगुळीत मासिकं. आणि दरवर्षी बर्फाच्या चित्रांचं कॅलेंडर. मे महिन्यात त्याच्याकडे बघून सिंधू कपाळ पुसत म्हणायची, "यायले घाम कसा येत असंन वं?"

दोघा भावांची जुंपायची ती माझ्यातच उभं राहून.

"आभाळात माणूस पयले कोणं पाठवला?"

"अन् चंद्रावर कोण उतरलं, दादा?"

"तुह्या अमेरिकेचा मिलो तिकडं जनावरं खातेत!"

"मंग काल दोन भाकरी तुम्ही काहून खाल्ल्या?"

हसायचे. तोवर हसायचे.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. लढाई सुरू होती. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली, आणि रशिया आपल्या बाजूनं. चौकात जो तो अमेरिकेला शिव्या देत होता. देवराव तिथून तापून आला, माझ्यातून तरातरा पलीकडे गेला, ती पोत्याची उशी ओढली आणि गल्लीत चारचौघांसमोर पेटवली.

"हात मिळवते म्हणे! जहाज पाठवून राहिला तुहा बाप आपल्यावर!"

मधुसूदनला ते आरमार काय आवडत होतं? पण चारचौघांत उशी जळाली. तो म्हणाला, "दादा, तुमचा माग बंद होता तव्हा त्याच गव्हावर जगले तुम्ही. तव्हा नाही जाळलं पोतं."

खरं होतं ते. म्हणूनच लागलं. देवराव आत आला, मला लोटलं आणि कडी घातली. धाडकन. पलीकडून मधुसूदननं घातली. धाडकन. माझ्या दोन्ही फळ्या हादरल्या.

"त्या घरात पाय ठेवला, का तिच्याशी बोलली, त माह्या गळ्याची आण हाये तुले," देवराव सिंधूला म्हणाला. पलीकडेही हेच, शब्दसुद्धा तेच. शेवटी भाऊच ते.

नवऱ्याच्या गळ्याची आण बाई मोडत नाही. एका पावलावरच्या बहिणी दोन गल्ल्यांच्या झाल्या. लग्नाकार्यात समोरासमोरच्या पंगतीत बसायच्या आणि एकमेकींच्या पानाकडे बघत राहायच्या. ताणा आता गल्लीत ताणला जाऊ लागला. एकदा पाऊस आलाच, अख्खं लुगडं वाया गेलं. देवरावनं भिजलेला ताणा गुंडाळला. माझ्याकडे बघितलं मात्र.

पुरुषांचं वेगळंच चाललं होतं. यानं रेडिओवर मॉस्कोचं हिंदी लावलं की तो अमेरिकेचं हिंदी लावायचा. मग याचा आवाज मोठा, मग त्याचा. यानं मोठा बल्ब लावला, त्यानं ट्यूबलाईट आणली. त्यानं पंखा घेतला तर यानं उधारीवर दोन घेतले, एक लावायला जागाच नव्हती. मधे मी, दोन्हीकडच्या कानठळ्या सोसत.

मग यमूला मुलगी झाली. पलीकडे पहिलं रडणं उठलं तेव्हा सिंधू माझ्यावर कपाळ टेकून उभी होती. तिनं मऊ सुताचं झबलं शिवलं, आणि देता येईना म्हणून ट्रंकेत घातलं. तिला स्वतःला मूल नव्हतं.

पंच्याहत्तरचा पावसाळा. एका संध्याकाळी माझ्या दोन्ही बाजूंना एकच बातमी लागली. रशियाचं यान आणि अमेरिकेचं यान आभाळात जोडलं गेलं. दोघांच्या मधलं दार उघडलं, आणि आतल्या माणसांनी हात मिळवले. मॉस्को तेच सांगत होतं, अमेरिका तेच. मला तर अंगावर नवी पॉलिश चढल्यासारखं झालं. कोणीही आवाज वाढवला नाही. दोघा भावांनी आपापला रेडिओ बंद केला आणि दोघं आपापल्या गल्लीत बाहेर पडले.

मग काय झालं ते फक्त मला माहीत आहे. सिंधू आली. डोक्याच्या तेलाचं बोट कडीवर फिरवलं, हळूच सरकवली, आणि पुन्हा घसरून बसू नये म्हणून सुताच्या धाग्यानं खिट्टीला बांधून टाकली. आईनं शिकवलेली गाठ. वरून बर्फाचं कॅलेंडर टांगलं. थोड्या वेळानं, ऐका, पलीकडून यमू आली. तेच तेल. तोच धागा. तीच गाठ. वरून तिनं पोत्याचा पडदा सोडला.

मी उघडा होतो!

पण कडी लावतानाचा आवाज दोघींनी ऐकला होता, काढतानाचा कोणीच ऐकला नाही. सिंधूला वाटे, पलीकडून बंद आहे. आपण आपली कडी काढून ठेवली. यमीचं मन झालं की ढकलंल. यमूलाही तेच वाटे, बाई थोरली, ती ओढंल. पावसात मी फुगून घट्ट बसायचो. उन्हाळ्यात सुकायचो, झळा मला ढकलायच्या, पण बिजागऱ्या गंजलेल्या. नुसता कण्हायचो. एक हात लागला असता तर पुरे होता. तुम्हाला सांगतो, बंद असण्यापेक्षा हे वाईट.

पुढे अमेरिकेचा गहू यायचा थांबला, गोदामातलं काम सुटलं. मधुसूदनला कोराडीच्या वीजघरात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. मागचं घर त्यानं गुलाबचंद नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याला विकलं. सामान बांधलं जाऊ लागलं. सिंधू इकडून सगळं ऐकत होती. ही पेटी, ते जातं, तो पाळणा.

निघायच्या आदल्या दुपारी यमूनं पडदा काढून घेतला आणि माझ्यावर तळहात ठेवला. इकडे सिंधूनंही ठेवला, त्याच जागी. मधे अंगठ्याएवढं सागवान. ढकल वं, यमे! ओढ वं, सिंधू! माझ्या अंगातली प्रत्येक शीर ओरडत होती. लाकडाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? दोघींचे हात निघाले.

सकाळी ट्रक गेला. सिंधू आली, कॅलेंडर काढलं, आपल्या कडीवरचा धागा चाचपला. मग, कशाला कोण जाणे, मला धरून ओढलं.

मी उघडलो.

समोर रिकामी खोली. सारवलेली. सिंधू आधी दचकली. मग तिला पलीकडची कडी दिसली. मागे सारलेली, धाग्यानं बांधलेली, धाग्यावर धुळीचा थर. तिनं फुंकर मारली. गाठीची दोन टोकं दोन दिशांना.

"यमे," ती म्हणाली. खोलीनं तेच परत म्हटलं. आत पाय टाकला नाही तिनं. आण होती. माझ्यातच खाली बसली.

देवराव आला तेव्हा ती तशीच बसलेली. त्यानं ही कडी बघितली, ती बघितली. विणकर माणूस, गाठ ओळखतो.

"कव्हापासून हाये हे?"

"ते वरते दार उघडलं होतं ना, तव्हापासून."

त्यानं गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सुटली वं. आण सुटली." एका शब्दाचं काम होतं! "कोराडीची बस चौकातूनच जाते. मले त त्याचं क्वार्टर नाही माहीत. पण विचारू."

दोघं गेले. परत आल्यावर सिंधूच्या लुगड्याला तिकडच्या वीजघराची राख होती आणि ती हसत-रडत सांगत होती, "झबलं कोणाले येते आता? शाळेत जाते ते पोरगी. बाहुलीले घातलं तिनं." दोघा भावांनी तिकडे काय केलं? तर म्हणे रशिया-अमेरिकेवरून वाद घातला.

आता बहिणी सणावाराला भेटतात, बसनं. माझ्यातून नाही. गुलाबचंदनं आपल्या बाजूनं विटा रचल्या. रचताना गवंडी म्हणाला, "मागची कडी काढून घेऊ काय?" सिंधू म्हणाली, "हात नोको लावू." म्हणून यमूची गाठ अजून तिथेच आहे, माझ्या आणि विटांच्या मधे चेपलेली.

इतकं ऐकलंत, तर एक करा. तुमच्या घरात असा एखादा दरवाजा असेल तर पलीकडून बंदच आहे असं धरून बसू नका. एकदा ओढून बघा. उशीर करू नका एवढंच.

आणि जाताना ते कॅलेंडर जागेवर टांगून जा. सिंधू कधीकधी येऊन मला उघडते, विटा बघते, आणि पुन्हा लोटते. कडी मात्र लावत नाही.