ढिली दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. कपडे वाळत घालायची नव्हे. कुणी तसं म्हटलं की मला राग येतो. मी माग काढणाऱ्या कुत्र्याची दोरी आहे. एका टोकाला कुत्रा, दुसऱ्या टोकाला माणूस, आणि दोघांच्याही मनातलं आधी मला कळतं.

एका म्हाताऱ्या कारागिराने जाड सूत वळून मला घडवलं आणि टोकाला पितळी कडी बसवली. माझ्या मालकीण ताईंनी मला घेतलं ते हौसेने नव्हे. त्यांचे वडील, नाना, घड्याळं दुरुस्त करायचे. उतारवयात त्यांना विसरण्याचा आजार जडला. दार उघडं दिसलं की स्वारी निघालीच! म्हणून ताईंनी घरच्या कुत्र्याला नानांच्या वासावर चालायला शिकवलं. बिस्किटासाठी जीव टाकायचा, म्हणून त्याचं नाव हावऱ्या. नानांचा मोजा त्याला हुंगवायचा, मला त्याच्या पट्ट्यात अडकवायचं आणि मागोमाग चालायचं. दोनदा त्याने नानांना शोधलं. शेजारीपाजारी कौतुक करून थकले. नाना मात्र म्हणाले, "मी कुठे हरवलो होतो? हाच मला सापडला!"

तिसऱ्या वेळी घात झाला. कडाक्याची थंडी होती. चौकात हावऱ्या डावीकडे, कालव्याकडे वळला. नाना दोन्ही वेळा उजवीकडे, त्यांच्या जुन्या घड्याळांच्या दुकानापाशी सापडले होते. "अरे, तिकडे काय ठेवलंय तुझं? चल इकडे!" म्हणत ताईंनी मला हिसका दिला. त्याने पाय रोवले. त्यांनी पुन्हा हिसका दिला. शेवटी बिचारा मान खाली घालून त्यांच्यामागे गेला. मी मजबूत होते, तुटले नाही. तुटले असते तर फार बरं झालं असतं.

दीड तासाने ताई चौकात परतल्या आणि हावऱ्याच्या मागे गेल्या. नाना कालव्याकाठच्या बाकावर बसले होते, अंगात नुसता सदरा. हात गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी पोचला असतात तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

मग तीन वर्षं मी खुंटीवर होते. कडी काळी पडली. हावऱ्या म्हातारपणाने गेला, तेव्हाही ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी त्यांनी मला उतरवलं, झटकलं आणि शाळेमागच्या मैदानावर नेलं. तिथे कुत्र्यांना माग काढायला शिकवण्याचा ताईंचा नवशिक्यांसाठीचा वर्ग सुरू होत होता. चार कुत्रे, चार मालक. ताई सगळ्यांदेखत सरळ चालत गेल्या आणि झुडपांआड वळून गवतात हातमोजा टाकून आल्या. पहिली पाळी निवृत्त बसचालक काकांची; ताईंनी मला त्यांच्या हाती दिलं. त्यांची कुत्री झुडपांपाशी वळली, तशी काकांनी मला ओढलं.

"अहो, तुम्ही सरळ गेलात, मी डोळ्यांनी पाहिलंय! ही येडी भलतीकडेच चाललीये."

"काका, सोडा दोरी ढिली."

"आणि चुकली तर?"

"चुकू दे." ताई म्हणाल्या. "वडिलांना शोधताना मी ओढली होती. कुत्रा बरोबर होता."

काकांची मूठ सैल झाली. कुत्री थेट गेली आणि हातमोजा तोंडात धरून उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई तिथेच गवतात बसल्या आणि तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या.

मित्रांनो, मुक्या जिवाला सांभाळा, आणि तो काही सांगू पाहील तेव्हा त्याचं ऐका. हा धडा शिकायला ताईंना वडील द्यावे लागले. तुम्ही तो माझ्याकडून आयता घ्या.